ही बाय नेमकी कधी येते?

घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमध्ये लिफ्टशेजारच्या फलकावर एक नोटीस हमखास लटकलेली असते: ‘बाय-मंथली पेस्ट कंट्रोल. सभासदांनी सहकार्य करावे.’ सहकार्याला माझी ना नाही. पण ते महिन्यातून दोनदा करायचं की दोन महिन्यांतून एकदा, हे नोटीस सांगत नाही. आणि सेक्रेटरींना विचारावं, तर ते म्हणतात, “अहो, स्पष्ट लिहिलंय की!”

ठाण्या-नवी मुंबईतल्या आगरी-कोळी घरांत बाय म्हणजे लेक नाहीतर बहीण. हाक मारली की ओ देते. इंग्रजीतल्या बायचं तसं नाही. कोशात शोधावं तर ऑक्सफर्ड आणि मेरियम-वेबस्टर, दोघेही दोन्ही अर्थ देऊन मोकळे. लॅटिनमध्ये ‘बाय’ म्हणजे दोन, इतकंच पक्कं. दोन महिने की दोन वेळा, ते तुम्ही आपसांत मिटवा.

लोकांना वाटतं, घोळ झालाच तर दुपटीचा. दुपटीचा नाही, चौपटीचा. महिन्यातून दोनदा म्हणजे वर्षाला २४ वेळा, दोन महिन्यांतून एकदा म्हणजे ६ वेळा. नोटिशीत ‘मेंटेनन्स रु. ३,५००, बाय-मंथली’ असेल तर वर्षाचे २१,००० किंवा ८४,०००. यातला आपल्या सोयीचा अर्थ प्रत्येक सभासद धरतो, खजिनदार दुसरा धरतो, आणि थकबाकीवर २१ टक्के सरळव्याज ठरलेलं असेल तर ३,५०० रुपयांमागे महिन्याला ६१ रुपये २५ पैसे बायच्या नावाने जमा होतात.

थोरामोठ्यांचं तरी एकमत असावं! रिझर्व्ह बँकेचं पतधोरण २०१४ पासून बाय-मंथली आहे, म्हणजे दोन महिन्यांतून एकदा. रेल्वेची बाय-वीकली एक्सप्रेस मात्र आठवड्यातून दोनदा धावते. रेल्वेचा हिशेब रिझर्व्ह बँकेला लावला तर गृहकर्जवाल्यांनी महिन्यातून दोनदा देव पाण्यात ठेवायचे. रिझर्व्ह बँकेचा रेल्वेला लावला तर एक गाडी चुकलेल्याने दोन आठवडे ठाणे स्टेशनवरच संसार मांडायचा.

पेस्ट कंट्रोलमध्ये या शब्दाची खरी किंमत बायका मोजतात, कारण ट्रॉल्या रिकाम्या त्यांना कराव्या लागतात. माणूस येतो, ट्रॉलीच्या बिजागरीत, सिंकखाली आणि फ्रिजच्या मागे मोटरजवळ जेलचे मोहरीएवढे ठिपके देतो आणि पाच मिनिटांत जातो. डबे लावायला दीड तास. त्यात कोणीतरी स्वच्छतेच्या भरात त्याच ठिपक्यांवर स्प्रे मारतं किंवा फिनेलचं फडकं फिरवतं. मग झुरळ त्या जेलला तोंडच लावत नाही आणि औषध फुकट जातं. जर्मन झुरळाच्या एका अंडकोशातून साधारण महिनाभरात ३०-४० पिल्लं बाहेर पडतात. म्हणजे कमिटी दोन महिने धरून बसली आणि सभासद पंधरा दिवस, तरी तिसरा पक्ष आपल्या तारखा अचूक पाळतोच.

टाकी धुण्याच्या नोटिशीत तर अक्षराअक्षराला धोका. बायअ‍ॅन्युअल म्हणजे वर्षातून दोनदा, बायेनियल म्हणजे दोन वर्षांतून एकदा. टाइप करणाऱ्याचं बोट घसरलं तर गाळ दोन वर्षं सुखाने नांदेल.

ऐरोलीत बसून अमेरिकेतले पगार काढणाऱ्यांची मात्र मी टोपी काढून तारीफ करतो. त्यांच्याकडे बाय-वीकली म्हणजे दर दुसऱ्या शुक्रवारी, वर्षाला २६ पगार. सेमी-मंथली म्हणजे महिन्यातून दोनदा, २४ पगार. वर्षाचे ५२,००० डॉलर असतील तर पहिल्यात हप्ता २,००० चा, दुसऱ्यात २,१६६.६७ चा. कोणी भागलं २४ ने आणि वाटलं २६ वेळा, तर माणशी सुमारे ४,३३३ डॉलर जादा गेले. हीच मंडळी दुपारी ‘बाय-वीकली मीटिंग’ लावतात आणि निम्मी टीम भलत्याच आठवड्यात हजर होते. कॅलेंडरमध्ये ‘दर २ आठवड्यांनी, मंगळवार’ हा पर्याय असतो, पण तो निवडायला तीन क्लिक लागतात. ‘सेमी’ लिहावं म्हटलं तर ठाण्यात सेमी म्हणजे शाळा. लगेच दोन पालक प्रवेश कधी सुरू होतात ते विचारतील.

मराठीत यावर ‘आड’ हा जालीम उपाय आहे. दिवसाआड पाणी म्हटलं की बादल्या भरणाऱ्याला शंका उरत नाही. तसंच महिन्याआड, आठवड्याआड. आपली भाषा धुतल्या तांदळासारखी आहे असं नाही. ‘परवा’ मागचा की पुढचा, ते क्रियापद आल्याशिवाय कळत नाही. शिवाय आपले ‘पंधरा दिवस’ म्हणजे चौदाच; खरोखर पंधरा मोजणारा सोमवारचा माणूस मंगळवारी उगवतो.

त्यामुळे करारात फेऱ्यांचा आकडा घालावा: ‘वर्षात ६ फेऱ्या’. खाली सहाही तारखा, चुकलेली फेरी किती दिवसांत भरून द्यायची ते, आणि दोन्ही बाजूंच्या सह्या. हा मसुदा सभेत वाचून दाखवला की सगळे माना डोलावतात. मग मागच्या रांगेतले काका हात वर करतात आणि विचारतात, “यंदा अधिक मास आहे. तो धरायचा की सोडायचा?”