घ्यायचं तर घ्या!

मिक्सरच्या भांड्याचं वॉशर, एवढीशी रबराची रिंग. म्हटलं ऑनलाइन कशाला, पेठेतल्याच दुकानातून घेऊ, तेवढाच आपल्या माणसाला धंदा. काका मोबाइलमधून मान वर न काढता, "मॉडेल कुठलं?" अहो, भांडंच आणलंय की समोर! "असं नाही सांगता येत." मग काय मिक्सरची पत्रिका आणू? घरी येऊन लावलं तर चटणी ओट्यावर. परत गेलो तर १ ते ४ बंद. ४ नंतर गेलो तर नुसतं पाटीकडे बोट, विकलेला माल परत घेतला जाणार नाही. अहो २०१९ च्या ग्राहक कायद्यात खराब माल, बिलावर मुदत नसेल तर ३० दिवसांत परत घ्यायचा असतो, पण बिल दिलंय कुठे, "बिल हवं तर जीएसटी वेगळा पडेल"! आणि वर मलाच ऐकवतात, हल्ली सगळे ऑनलाइन घेतात हो, आमच्याकडे कोण येतंय!