‘रॅमला न शिवता थेट डिस्कवर’: डोन्टकॅशच्या फॉरवर्डमधला घोळ

जळगाव, धुळे, भुसावळकडच्या लिनक्सवाल्या पोरांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. त्याचा मजकूर थोडक्यात असा: ‘कर्नल ६.१४ मध्ये आलेला आरडब्ल्यूएफ-डोन्टकॅश फ्लॅग लावा. डेटा रॅमला न शिवता थेट डिस्कवर जातो. एफसिंकची कटकट संपली, लाईट गेली तरी फाईल शाबूत. ओ-डायरेक्ट आता बाद. सगळ्या प्रोग्रामांत लावा, सर्व्हर पळायला लागेल. एवढासा कोड, पण रिव्ह्यूवाल्यांनी पाच वर्षं अडवून धरला.’ खाली सी भाषेतला दहा-बारा ओळींचा नमुना आणि ‘भाऊ, पुढे पाठवा’.

फ्लॅग, म्हणजे फाईल लिहिताना कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) द्यायची खास सूचना, खरा आहे. कर्नल डेव्हलपर येन्स अ‍ॅक्सबो यांनी तो लिहिला, मार्च २०२५ मध्ये निघालेल्या ६.१४ आवृत्तीत तो आला आणि योग्य जागी लावला तर फार उपयोगाचा आहे. म्हणूनच त्याच्याभोवती रचलेल्या या थापा जास्त खटकतात.

पहिली थाप ‘रॅमला न शिवता’ ही. या सोयीला कर्नलवाले ‘अनकॅश्ड बफर्ड’ म्हणतात. लोक त्यातलं ‘अनकॅश्ड’ वाचतात आणि ‘बफर्ड’ सोडून देतात. नेहमीच्या लेखनात प्रोग्रामचा डेटा आधी पेज कॅशमध्ये, म्हणजे रॅममध्येच, कॉपी होतो. ते पान (रॅमचा छोटा तुकडा) ‘डर्टी’, म्हणजे अजून डिस्कवर न गेलेलं, ठरतं आणि तेवढ्यावर प्रोग्रामला ‘झालं’ असं उत्तर मिळतं. डिस्कवर जायचं काम मागाहून होतं. कर्नलचे धागे (पाठीमागे चालणारी कामं) मूळ सेटिंगप्रमाणे दर ५ सेकंदांनी जागे होतात आणि ३० सेकंदांहून जुनी डर्टी पानं लिहायला घेतात. डर्टी पानं फार साचली तर त्याआधीच सुरुवात होते. लिहून झालं तरी पान रॅममध्ये राहतं, कुणी परत वाचलं तर असू द्यावं म्हणून.

डोन्टकॅश लावल्यावरही कॉपी होते ती त्याच पेज कॅशमध्ये. बदलतं ते पुढचं. डिस्कवर लिहायचं काम लगेच सुरू केलं जातं, आणि ते संपलं की पान कॅशमधून काढून टाकलं जातं. जिनिंगमध्ये कापूस आवारात उतरतोच. गाठ बांधून झाली की ती जागा लगेच मोकळी करायची, एवढाच नवा नियम.

पटत नसेल तर एका टर्मिनलात मेमइन्फो (रॅमचा हिशोब दाखवणारी फाईल) दर सेकंदाला बघत राहा आणि दुसऱ्यात मोठी फाईल लिहा. साध्या लेखनात ‘कॅश्ड’चा आकडा चढत जातो आणि काम संपल्यावरही वरच राहतो. फ्लॅग लावून लिहिलं तर ‘कॅश्ड’ फारसा फुगत नाही, पण ‘डर्टी’ आणि ‘राइटबॅक’ (डिस्कवर लिहिली जात असलेली पानं) या ओळी सतत वरखाली होत राहतात. डेटा रॅमला शिवलाच नसता तर त्या ओळी हलल्या कशाला असत्या?

आता एफसिंक, म्हणजे ‘डेटा डिस्कवर पक्का लिहून झाल्यावरच परत ये’ असं कर्नलला सांगणारा कॉल. मेसेजमधली सगळ्यात घातक ओळ हीच, कारण आपल्याकडे तिची किंमत ताबडतोब मोजावी लागते. मे-जूनमध्ये रावेर-यावलकडे वादळ सुटलं की केळीच्या बागा आडव्या होतात आणि लाईट गेली की कधी येईल याचा नेम नसतो. इन्व्हर्टरची बॅटरी जुनी असेल तर सर्व्हर क्षणात बंद. अशा ठिकाणी कुणी हा मेसेज वाचून बिलिंगच्या प्रोग्राममधून एफसिंक काढून टाकला, तर?

फ्लॅग लावलेलं राइट डिस्कवरचं काम सुरू करून देतं, ते संपायची वाट बघत नाही. ‘झालं’ हे उत्तर येतं तेव्हा डेटा रॅममध्ये असतो, किंवा रांगेत असतो, किंवा अर्धा पोचलेला असतो. समजा तो डिस्कपर्यंत पोचला, तरी बहुतेक डिस्कना स्वतःचा आतला कॅश असतो आणि वीज गेली की तोही पुसला जातो. तो रिकामा करण्याचा हुकूम डिस्कला जातो तो एफसिंकमधून. शिवाय फाईलची वाढलेली लांबी, डेटा कुठल्या ब्लॉकांत ठेवला याची नोंद, हा फाईलसिस्टिमचा हिशोब वेगळाच. डेटा पोचला पण नोंद पोचली नाही, तर लाईट आल्यावर फाईल जुन्याच लांबीची दिसेल.

त्रुटीचीही तीच कथा. डिस्कवर लिहिताना बिघाड झाला तर तो कळतो पाठीमागे, तुमचं राइट केव्हाच ‘यशस्वी’ होऊन परतल्यावर. कर्नल तो बिघाड फाईलच्या नावे नोंदवून ठेवतो आणि पुढच्या एफसिंकला सांगतो. एफसिंक मारलाच नाही तर प्रोग्रामला कधी पत्ताच लागत नाही. तेव्हा डोन्टकॅश हा प्रश्न रॅमचा आहे, डेटा टिकण्याचा नाही. एफसिंक होता तिथे तो राहू द्या.

ओ-डायरेक्ट बाद झाल्याची बातमी दोन ओळींत मिटवतो. ओ-डायरेक्ट हा पेज कॅश टाळून थेट डिस्कशी बोलायचा जुना मार्ग. त्यात पेज कॅशमध्ये कॉपीच होत नाही, त्या बदल्यात पत्ता, लांबी आणि फाईलमधली जागा ५१२ किंवा ४०९६ बाइटच्या पटीत जुळवावी लागते. स्वतःचा बफर पूल (रॅममधला स्वतःचा कॅश) सांभाळणारे डेटाबेस ही किंमत आनंदाने मोजतात आणि पुढेही मोजतील. डोन्टकॅशमध्ये जुळवाजुळव नाही, पण कॉपीचा खर्च आहेच. ज्यांना ओ-डायरेक्टचे नियम पाळणं जड जातं आणि कॅशही फुगवायची नाही, त्यांच्यासाठी हा मधला रस्ता.

‘सगळीकडे लावा’ हे मात्र अर्धं खरं आहे, म्हणून जरा थांबून बघू. एखाद्या जिनिंगच्या ऑफिसात १६ जीबी रॅमचा एक सर्व्हर आहे असं समजा. दिवसभर त्यावर काट्याच्या पावत्या आणि बिलं चालतात, रात्री २०० जीबीचा बॅकअप दुसऱ्या डिस्कवर जातो. साध्या लेखनात बॅकअपची पानं रॅम भरून टाकतात, डेटाबेसची गरम (सतत लागणारी) पानं बाहेर फेकली जातात, आणि जागा मोकळी करणारा केस्वॉपडी रात्रभर सीपीयू खात बसतो. सकाळी पहिली पावती काढायला उशीर लागतो, आणि शिव्या खातो तो कॉम्प्युटरवाला. इथे हा फ्लॅग हवाच. बॅकअपची फाईल लगेच कुणी वाचणार नसते, तुकडे मोठे असतात, क्रमाने लिहिले जातात.

उलट टोकाला लॉगची फाईल. दर वेळी दोनशे बाइटची एक ओळ शेवटी जोडायची. फ्लॅग लावला की प्रत्येक ओळीसाठी डिस्कवरचं काम सुरू होतं. जे लेखन एरवी गोळा होऊन एका दमात गेलं असतं ते चिल्लरीत जातं. त्यात पान लिहून झाल्यावर फेकलं गेलं तर पुढची ओळ त्याच अर्धवट पानात जोडायला कर्नलला आधी ते पान डिस्कवरून परत वाचावं लागतं. म्हणजे लेखनासाठी वाचन! आणि जी फाईल लिहून लगेच दुसरा प्रोग्राम वाचतो, तिथे हा फ्लॅग म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा.

राहिला रिव्ह्यू, म्हणजे नवा कोड (पॅच) कर्नलमध्ये घेण्याआधी इतरांनी तो तपासणं. हा आरोप मला सगळ्यात जास्त झोंबतो, कारण पॅच वाचणं म्हणजे फक्त ओळी मोजणं असा समज त्यात आहे. डिसेंबर २०१९ मध्ये हा विचार ‘अनकॅश्ड’ या नावाने मांडला गेला होता हे खरं. पण तेव्हाची रचना वेगळी होती: लेखनासाठी खासगी पानं घ्यायची, काम झालं की सोडून द्यायची. तसं केलं की पेज कॅशशी मेळ ठेवायच्या ओ-डायरेक्टच्याच भानगडी अंगाशी येतात. त्याच तुकड्याची एक प्रत कॅशमध्ये, दुसरी खासगी, खरी कुठली? २०२४ च्या शेवटी अ‍ॅक्सबो परत आले ते पेज कॅशलाच मेळ राखायचं साधन करून. अडवून धरलेला तोच कोड पाच वर्षांनी सोडला, असं झालेलं नाही.

या कोडचा गाभा खरोखर छोटा आहे. पानांच्या गठ्ठ्यावर, ज्याला आता फोलिओ म्हणतात, ‘ड्रॉपबिहाइंड’ अशी खूण करायची. लेखन संपलं की खूण बघायची आणि फोलिओ काढून टाकायचा. वाचायला दोन मिनिटं लागतात. पण रिव्ह्यू करणाऱ्याने विचारायचं ते हे: काढून टाकताना हा फोलिओ नक्की अजून आपलाच आहे का? तो आधीपासून दुसऱ्या कुणासाठी कॅशमध्ये होता का? असेल तर त्याला हात लावायचा नाही. मधल्या काळात कुणी साध्या मार्गाने तो वापरला का? मग खूण पुसायची, कारण आता तो कुणाला तरी हवा आहे. लेखन संपल्याची वर्दी इंटरप्टमध्ये (हार्डवेअरने सीपीयूला मध्येच मारलेल्या हाकेत) आली तर तिथे फोलिओ काढत बसता येत नाही, ते काम साध्या धाग्याकडे सोपवावं लागतं. फोलिओचं कुलूप (एका वेळी एकानेच त्याला हात लावावा म्हणून असलेलं) लगेच मिळालं नाही तर अडून बसायचं नाही, फोलिओ राहू द्यायचा; रॅम थोडी जास्त गेली तर चालते, डेटा गेला तर चालत नाही.

एवढं बघूनही एक फट राहिली. लेखन संपणं आणि फोलिओ काढणं या दोन क्षणांच्या मध्ये दुसऱ्या कुणी त्याच फोलिओत नवा मजकूर लिहिला तर तो पुन्हा डर्टी होतो, किंवा पुन्हा राइटबॅकलाही लागतो. अशा वेळी तो काढणं धोक्याचं. मे २०२५ च्या अखेरीस हे इतकं गंभीर ठरलं की फाईलसिस्टिमांसाठी ही सोय तात्पुरती बंद केली गेली. दुरुस्ती काय? आधी फोलिओचं कुलूप घ्यायचं, आणि कुलूप हातात आल्यावरच बघायचं की तो डर्टी नाही आणि राइटबॅकमध्येही नाही. दोन्ही ‘नाही’ असेल तरच काढायचा. तपासणी आणि कुलूप यांचा क्रम, एवढाच सगळा मामला. मग सोय परत चालू झाली. ज्यांना पाच वर्षं जास्त वाटतात त्यांनी सांगावं की रिव्ह्यू करायला कुणीच बसलं नसतं तर ही फट कुणाच्या फाईलीतून उघडी पडली असती.

शेवटी त्या नमुना प्रोग्रामकडे या. डोन्टकॅशला फाईलसिस्टिमचा पाठिंबा लागतो. एक्सएफएस आणि ईएक्सटी४ यांनी तो दिला, सगळ्यांनी दिलेला नाही. उबुंटू २४.०४ बरोबर मुळात कर्नल ६.८ येतो आणि डेबियन १२ बरोबर ६.१, त्यांना हा फ्लॅग माहीतच नाही. फ्लॅग ओळखीचा नसेल किंवा फाईलसिस्टिमला चालत नसेल, तर ज्यातून हा फ्लॅग दिला जातो तो पीराइटव्ही२ हा कॉल फ्लॅगकडे दुर्लक्ष करून लिहीत नाही, ‘पाठिंबा नाही’ अशी त्रुटी देऊन परततो. एकही बाइट लिहिला जात नाही. मेसेजमधल्या प्रोग्रामात त्या कॉलचा परतावा कुठेच तपासलेला नाही, आणि शेवटची ओळ ‘बॅकअप पूर्ण’ असं छापते.