नव्या साहेबांसाठी चार युक्तीच्या गोष्टी

साहेब, बदली गडचिरोलीला झाली म्हणून तोंड पाडून बसू नका. आदिवासी महिलांच्या सुरक्षेचं काम इथे फार सोपं आहे. फक्त सुरुवात बॅनरपासून करा.

बॅनरवर ‘सक्षमीकरण’ ठळक हवं. समोरच्या बायका माडिया बोलतात, त्यांना ते कळणार नाही. पण बॅनर त्यांच्यासाठी नसतोच, फोटोसाठी असतो. हजेरीपटावर अंगठे आधी घ्या, रकाने मागाहून भरता येतात. बोटाची शाई त्या पदरालाच पुसतात, तो खर्च धरू नका.

मग मदतीचे ११२ आणि १८१ हे नंबर पाठ करून घ्या. रेंज कुठे मिळते, असं एखादीनं विचारलंच, तर टेकडीकडे बोट दाखवा. बाईनं आधी टेकडी चढावी, मग मदत मागावी. तोवर मारणाराही दमतो. अत्याचार झालेल्या बायकांना मदत देणारं सखी केंद्र जिल्ह्याच्या गावी आहे, हे आवर्जून सांगा. पावसाळ्यात पर्लकोटा नदी चढली की भामरागडची वाट बंद होते, हे सांगू नका. त्यांना ठाऊक आहे.

वनहक्काचा २००६ चा कायदा जमिनीचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे द्यायला सांगतो. ग्रामसभेला हजर असलेल्यांत एकतृतीयांश बायका हव्यात, असा नियमही आहे. त्या येतात, मागे बसतात. ठराव वाचताना आवाज बेताचाच ठेवा.

कुणी तक्रार द्यायला ठाण्यात आलीच, तर दुभाषा शोधू नका. शिपायाला तिची भाषा येते. तक्रार त्याच्याच विरुद्ध असेल, तर भाषांतर आणखी नेटकं होतं.

आणि १९७२ चं देसाईगंजचं प्रकरण कुणी काढलं, तर आधी चहा मागवा. आदिवासी मुलगी, पोलीस ठाण्याच्या आत बलात्कार, आरोपी दोन पोलीस. उच्च न्यायालयानं दिलेली शिक्षा १९७८ साली सर्वोच्च न्यायालयानं रद्द केली. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे जबरदस्ती नाही! कायद्याच्या चार प्राध्यापकांनी खुलं पत्र लिहिलं, बायका रस्त्यावर आल्या, १९८३ मध्ये कायदा बदलला. भाषणात तेवढं शेवटचं वाक्य घ्या, टाळ्या पडतात. त्या मुलीला काय मिळालं, हा रकाना आढाव्याच्या नमुन्यात नाही.

९ ऑगस्टला जागतिक आदिवासी दिन. बॅनर जपून ठेवा, तारखेवर नवी पट्टी चिकटवली की झालं.