"फुल ब्लॅक" करा हो, पण फोर्क रॉड तरी सोडा

"फक्त ५०० रुपयांत तुमची बाईक फुल ब्लॅक" हा मेसेज आमच्या फॅमिली ग्रुपवर आता तिसऱ्यांदा आलाय. दोनदा मी गप्प बसलो. तिसऱ्यांदा बसवलं नाही, कारण तोपर्यंत ताईच्या पोराने तो मनावर घेऊन कळव्याच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये आपली सेकंडहँड ॲव्हेंजर खोलली होती, आणि मला फोन, "मामा, पुढून तेल गळतंय."

मेसेजात काय आहे ते थोडक्यात सांगतो. क्रोममुळेच गंज येतो म्हणून ते टॉयलेट क्लीनर ओतून उडवा, प्रायमर म्हणजे दुकानदारांची लूट, एकाच काळ्या स्प्रेने सायलेन्सर, पुढचे रॉड, डिस्क सगळं मारा, आणि आरटीओचा याच्याशी काही संबंध नाही.

आधी पुढचे रॉड, म्हणजे फोर्क रॉड, कारण इथे जीव जाऊ शकतो. गाडीवर क्रोम दोन जातीचं असतं. आरसे, हँडल, मडगार्ड, क्रॅशगार्डवरचं शोभेचं. पुढच्या शॉकअपच्या रॉडवरचं कामाचं, हार्ड क्रोम म्हणतात ते, जाड आणि घासून घासून गुळगुळीत केलेलं, कारण खड्डा आला की तो रॉड ऑइल सीलच्या रबरी ओठातून खालीवर सरकतो आणि आतलं तेल त्या ओठाने अडवलेलं असतं. पावसाळ्यात घोडबंदर रोडला तो किती वेळा सरकत असेल हे ठाणेकराला मी काय सांगू.

भाच्याने तो रॉड आधी खरखरीत पॉलिशपेपरने घासला, कारण मेसेजात "चांगला घासा" लिहिलंय. मग स्प्रे. कोपरीपर्यंत जाऊन आला तेवढ्यात सीलने रंग सोलून काढला होता. मी गेलो तेव्हा सीलच्या वर काळ्या पापुद्र्यांचं कडं जमलेलं, बोट फिरवलं तर तेल आणि रंगाचा चिखल, आणि रॉडवर घासल्याच्या रेघा नखाला लागत होत्या. त्या रेघांतून तेल बाहेर येतं, बाहेर आलेलं खाली उतरतं, आणि खाली कॅलिपर, म्हणजे डिस्कला पकडणारा ब्रेकचा चिमटा. डिस्कवर या शहाण्याने आधीच रंग मारून ठेवलेला, म्हणजे पॅडना रंग चोपडलेला आणि वर तेलाची फोडणी. पुढचा ब्रेक दाबला की गाडी विचार करून थांबत होती. नुसती सील बदलून भागणार नाही, रेघा पडलेला रॉड नवी सील पण कापतो.

आता "क्रोममुळे गंज". या प्लेटिंगचं भारतीय मानक आहे, आयएस १०६८, ते अख्खं वाचू नका, त्याचं नाव वाचलं तरी पुरे: निकेल अधिक क्रोमियम, आणि तांबं अधिक निकेल अधिक क्रोमियम. म्हणजे चमकतं ते क्रोम वरचा पातळ पापुद्रा, साधारण मायक्रॉनपेक्षाही कमी, आणि लोखंडाला गंजापासून वाचवायचं मुख्य काम खालचं निकेल करतं. एवढं मान्य करतो की आपल्या खाडीच्या हवेत क्रोमवर तांबडे ठिपके येतात, ऐरोलीत माझ्याच गाडीच्या हँडलवर आलेत. पण ते क्रोमने नाही केले, थरातल्या बारीक भोकांतून पाणी लोखंडापर्यंत पोचलं म्हणून आले. त्याच भोकांतून तुम्ही आता ॲसिड पाठवताय. टॉयलेट क्लीनरमध्ये बहुतेक वेळा हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, त्यात कोणी जास्त डोकं लावून ब्लीच ओतलं तर क्लोरीन वायू होतो, बंद पार्किंगमध्ये. आणि क्रोमियम उतरलेलं ते हिरवट पाणी गटारातून जाणार कुठे, त्याच ठाणे खाडीत, जिला २०२२ साली रामसर दर्जा, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा हा मान, मिळाला म्हणून आपण फ्लेमिंगोंचे फोटो टाकत होतो.

प्रायमरबद्दल एवढंच, क्रोम इतकं गुळगुळीत की त्यावर रंगाला धरायला काहीच नसतं. शोभेचे पार्ट साबणाने नि थिनरने पुसा, वॉटरपेपरने चमक मरेपर्यंत घासा, धातू धरणारा प्रायमर, मग पातळ कोट, मध्ये वाळू द्या. मी आरसे नि क्रॅशगार्ड असे केलेत, दोन पावसाळे झाले, फक्त बूट लागतो तिथे गेलाय. पाचशेत मात्र बसत नाही.

सायलेन्सरला साधा स्प्रे मारला तर पहिल्याच राईडला धूर, वास आणि फोड. हाय टेम्परेचरचा वेगळा कॅन मिळतो, किती डिग्रीपर्यंत टिकतो ते त्यावरच छापलेलं असतं, वाचा.

आरटीओचं अर्धं खरं आहे. आरसे काळे केले म्हणून कोणी अडवत नाही. पण आरसीवर गाडीचा रंग लिहिलेला असतो, टाकी नि पॅनेल काळे केले तर तिथे नोंद करावी लागते. आणि नंबरप्लेटवर काळी फिल्म लावायची आयडिया ज्याच्या डोक्यात आली असेल त्याने ती तिथेच ठेवावी.

भाच्याचे दोन्ही रॉड सध्या खोलून मेकॅनिककडे पडलेत, डिस्क थिनरने पुसलीय, पॅड फेकले. तोवर साहेब टीएमटीच्या बसने कॉलेजला जातायत, आणि ताईने त्या मेसेजखाली टाकलेला अंगठा अजून काढलेला नाही.