भर समुद्रातला पांढरा फेस म्हणजे केमिकल नाही, प्लीज तो मेसेज थांबवा

एक व्हिडिओ फिरतोय, भर समुद्रात लाटांच्या टोकांवर पांढरा फेस दिसतो आणि खाली लिहिलंय की हे पाण्यात सोडलेलं केमिकल आहे. तसं नाहीये. वारा लाटेला ढकलत राहतो, लाट उभी होत जाते, आणि तिची उंची लांबीच्या (म्हणजे एका माथ्यापासून पुढच्या माथ्यापर्यंतच्या अंतराच्या) साधारण सातव्या भागाहून जास्त झाली की माथा तोल जाऊन पुढे कोसळतो, त्यात हवा मिसळते आणि असंख्य बुडबुडे तयार होतात. बुडबुडे सगळ्या रंगांचा प्रकाश सारखाच विखुरतात म्हणून फेस पांढरा दिसतो, आणि खाऱ्या पाण्यात ते बारीक राहतात, पटकन एकमेकांत मिसळत नाहीत.

याला इंग्रजीत व्हाइटकॅप किंवा व्हाइट हॉर्सेस म्हणतात, फ्रेंचमध्ये चक्क मेंढ्या (मूतों)! आपल्याकडे फेसाळ लाटा म्हटलं की झालं, किती छान शब्द आहे. ब्रिटिश नौदल अधिकारी फ्रान्सिस ब्यूफर्टनं 1805 मध्ये सुरू केलेल्या वाऱ्याच्या स्केलवर आज 3 नंबरला, म्हणजे ताशी 12 ते 19 किमी वाऱ्याला, असे तुरळक फेसाळ माथे दिसतात असंच लिहिलेलं आहे, खलाशी त्यावरूनच वारा ओळखतात.

किनाऱ्यावर साचून राहणारा दाट फेस वेगळा, तो शेवाळातल्या सेंद्रिय पदार्थांमुळे होतो, कधी सांडपाण्यामुळेही, त्याची तक्रार जरूर करा. पण हा व्हिडिओ पुढे पाठवू नका, पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.