मिरचीचा मामा

शेतीतलं मला काही कळत नाही. आयुष्य विलेपार्ल्यात गेलं. मिरची म्हणजे कोथिंबिरीच्या जुडीबरोबर भाजीवाली न मागता पिशवीत टाकते ती वस्तू, एवढाच आमचा संबंध. पण लहानपणी आईनं खिडकीत डालड्याच्या डब्यात मिरचीचं एक झाड लावलं होतं आणि पुढची चाळीस वर्षं मी ते 'मी लावलं होतं' असं सांगत आलो. हे खोटं फेडायची वेळ आली ती भाची एडिंबरात राहायला गेल्यावर.

जानेवारीत रात्री साडेनवाला तिचा व्हिडिओ कॉल आला. "मामा, मला मिरच्या लावायच्यात. इथल्या दिसायला मिरच्या, चवीला भोपळा. तुला येतं ना? सांग."

"त्यात काय सांगायचं? बी टाक आणि ऊन दाखव."

"मामा, ऊन नाहीये."

तिनं फोन खिडकीकडे वळवला. तिथे दुपारचे चार वाजले होते आणि रस्त्यावरचे दिवे लागले होते. हिवाळ्यात तिथला सूर्य दिवसाला जेमतेम सात तास कामावर असतो, त्यातही मस्टरवर सही करून चहाला गेलेला. मिरचीबद्दल मराठी माणसाला जे काही ठाऊक आहे ते 'ऊन' या शब्दापासून सुरू होतं. तो शब्दच काढून घेतल्यावर मी बराच वेळ नुसता "हं, हं" करत राहिलो.

बी मात्र मी मोठ्या आत्मविश्वासानं सुचवलं. आमची ही दर मे महिन्यात लालबागला जाऊन मिरच्या निवडते, गच्चीत वाळवते, डंखावर मसाला कुटून आणते. त्यातल्या थोड्या सुक्या मिरच्या तिनं भाचीला बांधून दिल्या होत्या. "त्यातलंच बी काढ," मी म्हणालो. भाचीनं बी पेरलं, तीन आठवडे रोज मातीचा फोटो पाठवला. मी रोज 'धीर धर' लिहिलं. एकविसाव्या दिवशी ही ओट्यापाशी उभी राहून म्हणाली, "त्या मिरच्या मी टिकाव्यात म्हणून भाजून दिल्या होत्या ना?"

भाजलेलं बी उगवत नाही, हे मी कीर्तनात मोक्षाच्या संदर्भात कितीदा तरी ऐकलंय. मिरचीलाही ते लागू असेल असं वाटलं नव्हतं.

सुदैवानं न भाजलेली एक पुडीही भाचीकडे निघाली. तीत दोन-तीन प्रकारच्या मिरच्या होत्या. कुठली घेऊ, असं तिनं विचारलं, तेव्हा मी कॅमेऱ्यातून बघून फर्मान काढलं, "ती लांब, लालभडक, सुरकुतलेली घे. जातिवंत दिसतेय." ही तेव्हा देवळात गेली होती. ही गोष्ट लक्षात ठेवा.

मिरचीच्या बियांना रुजायला 25 ते 30 अंशांची ऊब लागते. भाचीच्या खोलीत 17. तिनं डबा वाय-फायच्या राउटरवर ठेवला आणि बाराव्या दिवशी कोंब आले! मी सोसायटीभर सांगितलं. नाव तिचं, पद्धत माझी.

इज्जत राखायला मीही इकडे खिडकीच्या ग्रिलमध्ये कुंडी मांडली. आठ दिवसांत रोप वर आलं. मुंबईत रोप यायला काहीच लागत नाही. ते राहायला लागतं. एप्रिलमध्ये पानं वाटीसारखी वळली. त्या रोगाला बोकड्या म्हणतात, हे मला रोग झाल्यावर कळलं. जुलैच्या पावसात मुळं कुजली. तरीही तगलेल्या एका रोपाला दोन मिरच्या धरल्या, त्या पोपटानं नेल्या. पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा मुळी जाणवतच नाही म्हणे. भाचीला मी 'माझंही छान चाललंय' एवढंच कळवलं.

जूनमध्ये तिकडे सूर्य पहाटे साडेचारला उगवून रात्री दहाला मावळायला लागला. आता तरी उन्हाचा प्रश्न मिटला, असं वाटतंय तोवर फुलं गळायला लागली. रात्री गार आणि खोलीत ना वारा ना माश्या. डोळ्यांना रंग लावायच्या ब्रशनं प्रत्येक फुलाला गुदगुल्या करायच्या असतात, हे तिनंच कुठेतरी वाचलं आणि रात्री एक वाजता फोन करून खात्री करून घेतली. अर्ध्या झोपेत, बायको शेजारी जागी असताना, भाचीला परागीभवन समजावून सांगणं सोपं नाही. मी "हो, करतात तसं" म्हणून फोन ठेवला.

"दृष्ट लागलीय झाडाला," ही म्हणाली. भाचीनं लगेच मीठ-मोहरी आणि दोन सुक्या मिरच्या ओवाळून तव्यावर टाकल्या. स्कॉटलंडमध्ये 2022पासून घरातले धुराचे भोंगे एकमेकांना जोडलेले लागतात. एक वाजला की सगळे वाजतात. ते सगळे वाजले. ठसका लागला म्हणजे दृष्ट नव्हतीच, असा निकाल हिनं फोनवरून दिला.

मध्येच एकदा "मिरची आपलं पीक आहे, येईल," असं मी म्हणालो तर भाचीनं सुनावलं की मिरची अमेरिका खंडातली. आपल्याकडे ती पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आली. म्हणजे ज्ञानेश्वरांच्या काळात महाराष्ट्रात ठेचा नव्हता. मला दोन दिवस वाईट वाटत होतं.

ऑक्टोबरात अकरा मिरच्या झाल्या. पहिलीचा मान मामाला, म्हणून तिनं आम्हा दोघांना फोनसमोर बसवलं. लाल, लांब, बाकदार मिरची. तिनं दुधाचा पेला जवळ ठेवला, पाण्यानं आग शमत नाही म्हणून, आणि डोळे मिटून अर्धी मिरची चावली. आम्ही श्वास रोखला.

ती चावत राहिली. मग डोळे उघडून म्हणाली, "मामा, तिखटच नाहीये."

हिनं चष्मा लावला, फोन माझ्या हातून घेतला, क्षणभर बघितलं.

"बेडगी आहे ती," ही म्हणाली. "रंग छान येईल हं."