ओल्ड वेलिंग्टनच्या तुळया जहाजाच्या नाहीत

इंग्लंडमधल्या जुन्या लाकडी पबांच्या फोटोंखाली एक गोष्ट हमखास फिरते. फोटो पुष्कळदा मँचेस्टरच्या ‘ओल्ड वेलिंग्टन’चा असतो. खालचा मजकूर असा: ही १५५२ सालची इमारत आहे, तिच्या वाकड्या तुळया स्पॅनिश आरमाराच्या फुटक्या जहाजांमधून आल्या, जमिनीवरचा कर चुकवायला वरचे मजले पुढे काढले, काळा-पांढरा रंग मूळचाच आणि इमारत तेव्हापासून जागची हललेली नाही. यातली पहिली तारीख सोडली तर बाकी काही टिकत नाही, आणि ज्या सुतारांनी हे काम केले त्यांचे श्रेय मात्र नाहक समुद्राला जाते.

आधी जहाजे. इंग्लंडवर चढाई करायला स्पॅनिश आरमार आले १५८८ मध्ये, म्हणजे इमारतीनंतर ३६ वर्षांनी. मँचेस्टर समुद्रकाठी नाही. तिथवर मोठी जहाजे नेणारा कालवा १८९४ मध्ये खुला झाला. पण तारखा बाजूला ठेवल्या तरी लाकूडच साक्ष देते. त्या काळचे सुतार ओक ओला असतानाच कापत, कारण वाळलेला ओक इतका कठीण होतो की पटाशी चालवणे जिवावर येते. जहाजातून निघालेले जुने, वाळके, गोलाईदार लाकूड सरळ खांबांसाठी कोण घेईल? वाकडेपणाही याच ओलेपणामुळे येतो. घर उभे राहिल्यावर लाकूड सावकाश वाळते, आकसते, पिळते.

सुतार आख्खा सांगाडा आधी आपल्या आवारात जुळवत. एका लाकडाला खाच, दुसऱ्याला तिच्यात बसणारे कुसू, आणि दोन्हींतून आरपार ओकाची खुंटी. प्रत्येक तुकड्यावर खुणेचे आकडे कोरायचे, सगळे सोडवायचे, गाड्यांवर घालून जागेवर न्यायचे आणि पुन्हा उभारायचे. मधल्या जागा कुडाने भरायच्या. जुन्या तुळयांवरच्या रिकाम्या खाचा जहाजाचा पुरावा म्हणून दाखवल्या जातात, पण पाडलेल्या घराचे लाकूड दुसऱ्या घराला वापरणे तेव्हा सर्रास चाले.

जहाजाचे लाकूड इमारतीत कधीच गेले नाही असे मात्र नाही. लंडनचे ‘लिबर्टी’ दुकान १९२४ मध्ये ‘इम्प्रेग्नेबल’ आणि ‘हिंदुस्तान’ या दोन युद्धनौकांच्या लाकडातून सजले. हॅम्पशरमधल्या विकहॅमची १८२० सालची पिठाची गिरणी ‘चेसापीक’ या पकडलेल्या अमेरिकन जहाजाच्या लाकडाची आहे. तिथे जहाजाचे नाव-गाव सांगता येते. पबांच्या गोष्टीत जहाज नेहमीच निनावी असते.

कराचे म्हणणे तर आग्नेय इंग्लंडमधल्या केंटच्या खेड्यांतच कोसळते. चहूबाजूंनी शेते असलेल्या घरांचेही वरचे मजले तिथे पुढे आलेले आहेत. वर जास्त जागा मिळते, शिवाय घरमालकाची ऐपत दिसते. शहरातल्या अरुंद जागेत दुकानदाराला याचा फायदा झाला, एवढेच.

रंगाबद्दल थोडक्यात: लाकूड बहुतेक तसेच सोडत किंवा भिंतीसकट चुना फासत. डांबरी काळ्याची हौस प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकातली. चेस्टरच्या मुख्य चौकातली, हजारो पर्यटक ‘ट्यूडर’, म्हणजे सोळाव्या शतकाच्या आसपासची, म्हणून टिपतात ती काळी-पांढरी इमारत वास्तुविशारद लॉकवूड यांनी १८८८ मध्ये बांधली.

राहिली जागा. ओल्ड वेलिंग्टनमध्ये आधी कापडाचे दुकान होते. पबचा परवाना १८३० मध्ये मिळाला. १९७० च्या दशकात आजूबाजूच्या नव्या बांधकामासाठी ती आख्खी इमारत सुमारे दीड मीटर वर उचलली गेली. ‘आयआरए’ या आयरिश सशस्त्र संघटनेने जून १९९६ मध्ये घडवलेल्या बॉम्बस्फोटानंतर शहराच्या मध्यभागाची पुनर्रचना झाली, तेव्हा तिचा सांगाडा सोडवून सुमारे ३०० मीटरवर, कॅथेड्रलजवळ पुन्हा जुळवला. खाचा आणि खुंट्यांचा सांगाडा होता म्हणूनच हे शक्य झाले. १९९९ मध्ये ती नव्या जागी उघडली. शेजारचा ‘सिंक्लेअर्स ऑयस्टर बार’ही सोबत हलला, पण आता तो तिच्याशी काटकोन करून उभा आहे.